कांद्याच्या मुळात विभागणाऱ्या पेशी दिसत नाहीत, तर चूक कुठे शोधायची?

वाचकाचं पत्र : मी नागपुरात हिंगणा रोडवरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. अकरावीच्या चाळीस मुलांकडून कांद्याच्या मुळाची स्लाइड करून घेतली. कांदे बाजारातलेच, मुळं चांगली चार-पाच सेंटिमीटर वाढलेली. बारा वाजता तास सुरू झाला की मुळं कापायची, टोकाचा साधारण एक सेंटिमीटर तुकडा अ‍ॅसिटोकार्माइनमध्ये पाच मिनिटं गरम करायचा आणि अंगठ्याने दाबायचा, अशी आमची पद्धत. एकाही मुलाला अ‍ॅनाफेज, म्हणजे गुणसूत्रं दोन बाजूंना ओढली जाण्याची अवस्था, मिळाला नाही. लांबट पेशी आणि आत गोल केंद्रक, एवढंच. शेवटी कपाटातली तयार स्लाइड दाखवून त्यावरून जर्नलमध्ये चित्रं काढून घेतली. एका मुलीने विचारलं, "मॅडम, मूळ तर रोज सेंटिमीटरभर वाढतं, मग पेशी विभागताना का दिसत नाहीत?" तिला नीट उत्तर देता आलं नाही. जानेवारीत प्रात्यक्षिक परत घ्यायचं आहे. काय बदलू? आणि तयार स्लाइडवरून जर्नल भरून घेतलं, ते बरोबर झालं का?

उत्तर :

नमस्कार ताई,

दोष कुठे आहे ते तुमच्या पत्रातच आलं आहे. "टोकाचा एक सेंटिमीटर" आणि "लांबट पेशी" हे दोन शब्दप्रयोग शेजारी ठेवून बघा. कांद्याच्या मुळात पेशी विभागतात त्या टोकाच्या पहिल्या दीड-दोन मिलिमीटरमध्ये. तिथून वर विभाजन जवळपास थांबलेलं असतं. म्हणजे तुमच्या तुकड्यातला आठ मिलिमीटरहून जास्त भाग या प्रात्यक्षिकाच्या कामाचाच नव्हता. तो सगळा एकत्र दाबला की विभागणाऱ्या पेशी काचेवर असतातही, पण लांबट पेशींच्या गर्दीत, दोन-तीन थरांखाली गेलेल्या.

ओळखायची खूण सोपी आहे. विभाजी ऊतीतली, म्हणजे विभागणाऱ्या भागातली पेशी जवळपास चौकोनी असते, रिक्तिका (पेशीतल्या पाण्याच्या पिशव्या) नावापुरत्या, आणि केंद्रक एवढं मोठं की निम्मी पेशी त्यानेच व्यापलेली. आयताकृती लांब पेशी आणि त्यात कडेला सरकलेलं केंद्रक दिसलं की समजायचं, आपण टोक सोडून वर आलो. अशा ठिकाणी अ‍ॅनाफेज शोधण्यात वेळ घालवू नये. स्लाइड सरकवावी, नाहीतर नवी करावी.

आधी त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. फार नेमका प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर फळ्यावर गणित मांडून द्यावं असं आम्हाला वाटतं, कारण पेशीची वाढ आणि पेशीचं विभाजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे अकरावीच्या मुलांच्या मनात तेव्हाच पक्कं बसतं.

मुळाच्या टोकात पेशी उभ्या ओळींनी रचलेल्या असतात. त्यातली एकच ओळ घ्या. विभाजी भाग दीड मिलिमीटर, म्हणजे १,५०० मायक्रोमीटर. एका पेशीची लांबी २० मायक्रोमीटर धरली तर ओळीत ७५ पेशी झाल्या. आकडे वर्गासाठी गोल केलेले आहेत, पण प्रमाण बरोबर आहे. प्रत्येक पेशी सुमारे २० तासांत एकदा विभागते असं धरा. म्हणजे २० तासांत ओळीत ७५ पेशींची भर पडली. त्या २० मायक्रोमीटरच राहिल्या असत्या तर मूळ तेवढ्या वेळात फक्त दीड मिलिमीटर वाढलं असतं. प्रत्यक्षात टोक पुढे सरकत राहतं, मागे पडलेल्या पेशी विभागणं थांबवतात आणि लांब होऊ लागतात. प्रत्येक पेशी १५० मायक्रोमीटर लांब झाली तर ७५ गुणिले १५० म्हणजे ११,२५० मायक्रोमीटर, सव्वाअकरा मिलिमीटर. मुलीला रोज दिसणारी सेंटिमीटरभर वाढ ती हीच. विभाजनाने पेशींची संख्या पुरवली, लांबी दिली ती पेशी ताणल्या गेल्यामुळे.

पेशी ताणली जाते कशी? ती हायड्रोजन आयन बाहेर भित्तिकेत सोडते. भित्तिका आम्लधर्मी झाली की एक्स्पान्सिन नावाची प्रथिनं सेल्युलोजच्या धाग्यांमधली पकड सैल करतात. मग रिक्तिकेत शिरणाऱ्या पाण्याचा दाब ती सैल भित्तिका ताणतो. सेल्युलोजचे धागे पेशीभोवती आडवे गुंडाळलेले असतात, म्हणून पेशी फुगत नाही, लांब होते. यात नवं पेशीद्रव फारसं तयार होत नाही, आत भरतं ते मुख्यतः पाणी.

टोकातल्या पेशीचं तसं नाही. दोन विभाजनांच्या मधल्या काळात ती खरोखर भरत असते. रायबोसोम, मायटोकाँड्रिया, पडदे, प्रथिनं असं सगळं जवळपास दुप्पट करते आणि मधल्या एस टप्प्यात डीएनएची पूर्ण प्रत काढते. कांद्याच्या पेशीला हे काम थोडंथोडकं नाही, कारण कांद्याचा जीनोम माणसाच्या सुमारे पाचपट आहे. एवढा डीएनए फक्त १६ गुणसूत्रांत मावलेला, म्हणून ती गुणसूत्रं जाडजूड असतात आणि कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसतात. तेव्हा मुलांना गोल केंद्रकाच्या पेशी दिसल्या तर "काहीच दिसलं नाही" असं त्यांना म्हणू देऊ नका. इंटरफेजला, म्हणजे दोन विभाजनांच्या मधल्या या काळाला, विश्रांतीची अवस्था म्हणायची जुनी सवय अजून काही जर्नलांत टिकून आहे. ती मोडायला हवी.

लांब होण्याचा भाग मुलांना स्वतः मोजता येतो. मोड आलेल्या हरभऱ्याचं दोन सेंटिमीटर सरळ मूळ घ्या, ओल्या कागदाने हलकेच टिपा, आणि वॉटरप्रूफ काळ्या शाईत भिजवलेल्या दोऱ्याने टोकापासून एक-एक मिलिमीटरवर दहा रेषा उमटवा. दोरा टेकवायचा, ओढायचा नाही. मूळ खाली टोक करून ओल्या टिपकागदावर, झाकलेल्या भांड्यात २४ तास ठेवा. दुसऱ्या दिवशी अगदी टोकाची रेष आणि वरच्या रेषा जवळपास जागेवर असतात. टोकामागच्या काही मिलिमीटरमधल्या रेषा मात्र लांब-लांब गेलेल्या असतात. एकोणिसाव्या शतकात यूलिउस झाक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने घेवड्याच्या जातीच्या मुळांवर असाच प्रयोग केला होता.

आता प्रात्यक्षिकाकडे. आमचा अनुभव असा की स्लाइड फसते ती बहुतेक वेळा रंगाच्या आधीच, कांदा निवडताना आणि मूळ कापताना. म्हणून तिथेच जास्त लक्ष द्या.

बाजारातला प्रत्येक कांदा मुळं धरेल असं नाही. काढणीनंतर कांदा काही आठवडे ते महिने सुप्तावस्थेत असतो. शिवाय साठवणीत मोड येऊ नयेत म्हणून काही कांद्यावर आधीच उपाय झालेला असतो. शेतात मॅलेइक हायड्रॅझाइड फवारलं जातं, किंवा साठवणीआधी गॅमा किरण दिले जातात. लासलगावला त्यासाठीचं केंद्र २००२ पासून आहे. दोन्हींचा उद्देशच मुळी विभाजी पेशी थांबवण्याचा. खायला तो कांदा उत्तम, आपल्या कामाला निरुपयोगी. गॅमा किरणांनी डीएनए तुटतो, त्यामुळे मुळं थोडी फुटली तरी पुढे खुंटतात.

जानेवारीत यावर सरळ तोड आहे. भाजीवाल्याकडून मुळांसकट पातीचा कांदा घ्या. तो वाढीतच असतो, सुप्तावस्थेचा प्रश्न येत नाही. जुनी मुळं ब्लेडने बुडाशी साफ करा. बुडाच्या कडक चकतीला धक्का लागू देऊ नका, कारण नवी मुळं तिच्यातूनच फुटतात. पात चार बोटं ठेवून वरची कापा. पांढरा असो की लाल, फरक पडत नाही. गड्डीचाच कांदा वापरायचा तर लहान, शेंड्याला किंचित हिरवा कोंब डोकावणारा निवडा. कोंब दिसतो म्हणजे सुप्तावस्था संपली. तेही मिळालं नाही तर लसणाच्या पाकळ्या चालतील. लसणाचीही गुणसूत्रं १६ आणि मुळं लवकर येतात.

रुंद तोंडाच्या बाटलीवर कांदा असा टेकवा की फक्त बूड पाण्याला लागेल. निम्मा कांदा बुडाला की सडतो, पाणी गढूळ होतं, आणि मुळांना ऑक्सिजन कमी पडतो. ऑक्सिजन नाही तर ऊर्जा नाही, आणि ऊर्जा नाही तर विभाजन नाही. मुळं हिरमुसून तपकिरी पडतात. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरा म्हणजे क्लोरीन उडून जाईल. रोज बदला. २० ते २५ अंश सेल्सिअस तापमान उत्तम. जानेवारीत नागपुरात रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा बाटल्या खिडकीत नको, खोलीच्या आत ठेवा. थंडीने पेशीचक्र लांबतं, मुळं दोनऐवजी चार दिवस घेतात, पण सगळेच टप्पे सोबत लांबत असल्याने विभागणाऱ्या पेशींचं प्रमाण फारसं बिघडत नाही. उन्हाळ्याचं मात्र वेगळं. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांना, कूलर लावलेल्या खोलीतही हे प्रात्यक्षिक लावू नये.

मूळ कापायचं ते दीड ते अडीच सेंटिमीटरचं असताना. चार-पाच सेंटिमीटरची जुनी, पिवळसर झालेली मुळं मंदावलेली असतात. निवडताना टोक बघा. पांढरं, टणक, किंचित निमुळतं टोक हवं. पारदर्शक किंवा बुळबुळीत नको.

वेळेबद्दल दोन शब्द. बहुतेक पुस्तकं सकाळी आठ ते अकरा सांगतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मुळांत सगळ्या पेशी एका तालावर विभागत नाहीत, त्यामुळे दुपारी बारालाही विभाजन चालूच असतं. वेळ चुकली म्हणून चाळीसच्या चाळीस स्लाइड फसल्या, असं आम्ही मानत नाही. तरीही सकाळी कापा, कारण कापल्याबरोबर मुळं स्थिर करायची आहेत, आणि एकदा स्थिर केली की तास बाराला असो की चारला, काही बिघडत नाही. ताजं मूळ थेट रंगात टाकणं ही तुमच्या पद्धतीतली दुसरी उणीव.

स्थिर करायचं द्रावण म्हणजे तीन भाग शुद्ध इथेनॉल आणि एक भाग ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल. चाळीस मुलांसाठी शंभरेक टोकं लागतील. ३० मिली इथेनॉल आणि १० मिली आम्ल पुष्कळ झालं. अल्कोहोल पेशीतलं पाणी झटकन काढून प्रथिनं जागच्या जागी थिजवतं आणि अ‍ॅसेटिक आम्ल पेशी आक्रसू देत नाही, गुणसूत्रं ठसठशीत ठेवतं. द्रावण वापरायच्या वेळीच मिसळा. ठेवून दिलं तर आम्ल आणि अल्कोहोल मिळून इथाइल अ‍ॅसिटेट बनत जातं आणि द्रावणाचा जोर कमी होतो. गोडसर, नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास आला की ते टाकून द्या. कॉलेजात शुद्ध इथेनॉल नसेल तर रेक्टिफाइड स्पिरिटने निभावतं, मिथेनॉलनेही काम होतं, पण ते विषारी आहे, मुलांच्या हाती देऊ नका. हॅन्ड सॅनिटायझर वापरू नका. त्यात ग्लिसरीन आणि घट्टपणा आणणारे पदार्थ असतात.

एक नागपुरी अडचण आधीच सांगून ठेवतो. ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल १६.६ अंशांखाली गोठतं. जानेवारीच्या सकाळी कपाटातली बाटली बर्फासारखी घट्ट झालेली मिळेल. ती खराब झालेली नाही. झाकण किंचित सैल करून बाटली कोमट पाण्याच्या गंजात उभी ठेवा, दहा-पंधरा मिनिटांत वितळेल. बर्नरवर कधीही धरू नका. या आम्लाने कातडी भाजते आणि वाफ नाका-डोळ्यांना झोंबते, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा आणि मिसळायचं काम तुम्हीच करा. अंगावर उडालं तर लगेच वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धरा.

मुळं २४ तास या द्रावणात राहू द्या. नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा. ९५ टक्क्यांचं स्पिरिट ७४ मिली घेऊन पाण्याने १०० मिली केलं की झालं. फ्रिजमध्ये ती कित्येक आठवडे टिकतात. वार असे ठरवता येतील: प्रात्यक्षिक शुक्रवारी असेल तर पातीचा कांदा रविवारी संध्याकाळी पाण्यावर, बुधवारी सकाळी कापणी, गुरुवारी सकाळी ७० टक्क्यांत.

काही पुस्तकं कापण्याआधी कोल्चिसिनची प्रक्रिया सांगतात. अल्बर्ट लेवान यांनी १९३८ मध्ये कांद्याच्या मुळांवर त्याचा परिणाम दाखवला होता. कोल्चिसिन गुणसूत्रं ओढणारे तर्कुतंतू बनूच देत नाही, गुणसूत्रं मेटाफेजला, म्हणजे पेशीच्या मधोमध जमण्याच्या अवस्थेला, अडकून पडतात आणि मोजायला सोपी जातात. पण तुम्हाला हवा आहे अ‍ॅनाफेज, आणि तर्कुतंतूच नसतील तर अ‍ॅनाफेज होणारच नाही. शिवाय ते जहाल विष आहे. अकरावीच्या वर्गात त्याला जागा नाही.

पुढची पायरी मुळं मऊ करण्याची, आणि तुमच्या पद्धतीत ती नाहीच. शेजारच्या पेशी पेक्टिनने एकमेकींना चिकटलेल्या असतात. हे पेक्टिन विरघळल्याशिवाय अंगठ्याने कितीही दाबा, पेशी एका थरात पसरत नाहीत. एकतर गठ्ठा राहतो, नाहीतर फाटतात. एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल हवं. ३५ टक्क्यांचं तीव्र आम्ल सुमारे ९ मिली मोजून ते आधीच घेतलेल्या पाण्यात हळूहळू सोडा आणि एकूण १०० मिली करा. आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नाही. परीक्षानळीत हे आम्ल घ्या, नळी ६० अंशांच्या पाण्यात उभी करा, वॉटरबाथ नसेल तर गंजात गरम पाणी आणि थर्मामीटर पुरे. आतलं आम्ल तापलं की पाण्यात धुतलेली मुळं टाका आणि घड्याळ लावून पाच मिनिटं थांबा. टोक दुधाळ पांढरं आणि मऊ झालेलं दिसतं. दहा मिनिटांपुढे गेलं तर टोक चिमट्यात सुटून येतं आणि रंगही फिका चढतो. तीनपेक्षा कमी वेळ ठेवलं तर ते रबरासारखं राहतं. नंतर दोनदा पाण्यात धुवा, मागे राहिलेलं आम्ल रंग धरू देत नाही.

सगळ्या वर्गाची मुळं हे एवढं करून तुम्ही तासाआधीच रंगात टाकून ठेवलीत तर मुलांचा वेळ दाबण्यात आणि बघण्यात जाईल. तोच त्यांनी शिकायचा भाग आहे.

एक टक्का अ‍ॅसिटोकार्माइन घरी, म्हणजे कॉलेजातच, बनवायचं तर ४५ मिली ग्लेशियल आम्ल आणि ५५ मिली पाण्यात एक ग्रॅम कार्माइन घाला. चंबूच्या तोंडावर फनेल ठेवून मंद आचेवर अर्धा तास उकळा, थंड करून गाळा, गडद बाटलीत भरा. झाकलेल्या वॉचग्लासमध्ये मुळं त्यात २० ते ३० मिनिटं राहू द्या. पाच मिनिटं पुरत नाहीत. रंग मरगळलेला वाटला तर त्यातच गंजलेली लोखंडी सुई दोन-तीनदा फिरवा. लोहाचे अंश कार्माइनला गुणसूत्रांवर घट्ट बसवतात आणि लाल रंग गडद होतो. फार फिरवली तर काळे कण पडतात, म्हणून दोन-तीनदाच.

आता मूळ पांढऱ्या कागदावरच्या काचेवर ठेवून बघा. अगदी टोकाचा छोटा भाग सर्वांत गडद लाल असेल आणि वरचा फिका. तिथे पेशी लहान, केंद्रकं मोठी आणि दाटीवाटीची, म्हणून रंग तिथेच साचला. वेगळं मोजमाप करायला नको. गडद तेवढा दीड मिलिमीटर ब्लेडने कापा आणि बाकीचा उचलून फेकून द्या. फेकताना मुलांचा हात कचरतो. "एवढुसं राहिलं" म्हणून ती थोडा जास्तच तुकडा ठेवतात, आणि तिथेच स्लाइड फसते. उभं राहून हे स्वतः तपासा. टोकाला मूलटोपीच्या पेशी असतात, त्या विभागत नाहीत, पण एवढ्याशा तुकड्यात त्यांचा त्रास होत नाही.

तुकड्यावर ४५ टक्के अ‍ॅसेटिक आम्लाचा एक थेंब, त्यावर कव्हरस्लिप तिरपी टेकवून हळू सोडायची म्हणजे बुडबुडे राहत नाहीत. सुईच्या लाकडी मुठीने कव्हरस्लिपवर पंधरा-वीस हलके ठोके द्या. तुकडा ढगासारखा पसरताना नुसत्या डोळ्यांनी दिसतो. स्लाइड स्पिरिट लॅम्पवरून दोन-तीनदा फिरवा. हाताच्या मागच्या बाजूला सोसेल इतपतच गरम व्हावी, उकळी फुटली तर पेशी गेल्या. ऊबेने पेशीद्रवातला रंग निघतो आणि गुणसूत्रं उठून दिसतात. मग स्लाइड टिपकागदाच्या घडीत ठेवून अंगठा सरळ खाली दाबा. कव्हरस्लिप बाजूला तसूभर जरी सरकली तरी पेशी वळून सुरळ्या होतात, म्हणून दुसऱ्या हाताने कडा धरून ठेवायला सांगा. अल्कोहोलच्या बाटल्या या वेळेपर्यंत टेबलावरून हलवलेल्या हव्यात.

बघताना आधी १० च्या ऑब्जेक्टिव्हवर चौकोनी पेशींचा पट्टा शोधायचा, मगच ४० वर जायचं. थेट ४० वर शोधणारा मुलगा अर्धा तास बुडबुडेच बघतो.

अवस्था ओळखताना चुका ठरलेल्या असतात. सर्वाधिक गफलत प्रोफेजची. इंटरफेजचं केंद्रक दाणेदार असतं आणि त्यात केंद्रकी फिकट गोल ठिपक्यासारखी दिसते. प्रोफेजमध्ये वेगवेगळे धागे दिसू लागतात. आमचा नियम असा की नजरेने एकही धागा थोडं अंतर पुढे नेता येत नसेल तर ती पेशी इंटरफेजमध्ये मोजायची. मेटाफेज नेहमी मधोमध रेघेसारखा दिसेल असं नाही. पेशी ध्रुवाकडून दिसत असेल तर गुणसूत्रं गोल झुबक्यात पसरलेली दिसतात, आणि मुलं ती "बिघडलेली" म्हणून सोडून देतात. अ‍ॅनाफेजमध्ये दोन गट आणि इंग्रजी व्हीसारखी वळलेली गुणसूत्रं, टोकं मागे राहिलेली, कारण ओढ गुणसूत्रबिंदूला असते. टेलोफेजमध्ये दोन लहान गडद केंद्रकं समोरासमोर आणि मध्ये नवी भित्तिका, जी मधून कडेकडे वाढत जाते. शेजारच्या दोन साध्या पेशींना टेलोफेज समजू नये; टेलोफेजच्या दोन्ही पेशी मिळून एका पेशीएवढ्या असतात. आणि तारककेंद्र शोधायला सांगू नका. कांद्याच्या पेशीत ते नसतंच, पुस्तकातलं ते चित्र प्राणिपेशीचं.

मोजणीशिवाय हे प्रात्यक्षिक पूर्ण होत नाही. एक नमुना घ्या: ५०० पेशी मोजल्या, त्यांत ४५ विभागणाऱ्या, पैकी प्रोफेज २५, मेटाफेज ८, अ‍ॅनाफेज ४, टेलोफेज ८. विभाजन निर्देशांक, म्हणजे विभागणाऱ्या पेशींचं शेकडा प्रमाण, ९ टक्के. सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकावर एकाच क्षणी फोटो काढला तर फलाटावर थांबलेली माणसं जास्त आणि दारातून आत पाय टाकणारी मोजकी दिसतील. जिथे वेळ जास्त जातो तिथे गर्दी जास्त. पेशींचंही तसंच. चक्र २० तासांचं धरलं तर विभाजनाला २० चे ९ टक्के, म्हणजे एक तास ४८ मिनिटं, आणि अ‍ॅनाफेजला ५०० पैकी ४ च्या प्रमाणात जेमतेम दहा मिनिटं. (नुकत्याच जन्मलेल्या पेशींची संख्या थोडी जास्त असते, त्यामुळे हिशेबात किंचित फरक पडतो, अकरावीला एवढं पुरे.)

आता तुमच्या वर्गाचा हिशेब बघा. एका मुलाने ५० पेशी पाहिल्या तर अ‍ॅनाफेज सापडायची अपेक्षा अर्ध्या पेशीहूनही कमी. उत्तम स्लाइडमध्येही कित्येकांना तो मिळणार नाही, आणि त्यात त्यांची चूक नसेल. म्हणून प्रत्येकाला त्याच्या ५० पेशी मोजू द्या आणि सगळ्यांचे आकडे फळ्यावर बेरजेला घ्या. दोन हजार पेशींत पंधराएक अ‍ॅनाफेज निघतील. ज्याला मिळाला त्याच्या सूक्ष्मदर्शकापाशी बाकीच्यांनी रांग लावून बघावा.

जर्नलबद्दल स्पष्टच सांगतो. तयार स्लाइडवरून चित्र काढणं गैर नाही, पण चित्राखाली "तयार स्लाइडवरून" असं लिहिलेलं हवं. स्वतःच्या स्लाइडमध्ये न दिसलेली अवस्था दिसल्याचं लिहून घेतलं तर मुलं पहिल्याच वर्षी निरीक्षण बनवायला शिकतात. मागच्या जर्नलांत ती ओळ आताही घालून घ्या. नव्या प्रात्यक्षिकाच्या पानावर प्रत्येकाचे स्वतःचे ५० पेशींचे आकडे, वर्गाची बेरीज, मूळ कापल्याची वेळ आणि खोलीचं तापमान एवढं असू द्या. ज्याच्या रकान्यात अ‍ॅनाफेजपुढे शून्य आहे त्याचे गुण कापू नका.

उरलेली टोकं ७० टक्के अल्कोहोलमध्येच फ्रिजमध्ये ठेवा आणि कापल्याची तारीख-वेळ कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून बाटलीत टाका, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. ज्यांची स्लाइड फसली त्यांना पुढच्या आठवड्यात त्याच टोकांवर परत करता येईल.